काठ आणि अंग: बोलेस्वाव्येत्सची भांडी जमवताना, जुळवताना

पोलंडमधल्या बोलेस्वाव्येत्स गावची ताटली हातात आली की मी ती आधी उलटी करते. पुढच्या बाजूचे निळे ठिपके पाहिले की हात सैल सुटतो. मागची बाजू पाहिली की डोकं ठिकाणावर राहतं. मागे झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, आत बसलेला कारखान्याचा शिक्का असतो, काही भांड्यांवर रंगवणारीची सही असते, आणि तळाला बिनझिलईची कडी असते, भांडं ज्यावर टेकतं ती गोल कड. भाजणी कशी झाली आहे ते या कडीवरून कळतं. ती फिकट राखाडी किंवा हस्तिदंती दिसायला हवी, बोटाला घट्ट लागायला हवी. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तसाच टिकला पाहिजे. माती थेंब शोषून घेत असेल, तर भांडं पुरेसं भाजलेलं नाही. अशा भांड्यात पुढे ओल शिरते आणि ते मायक्रोवेव्हमध्ये भलतंच तापतं.

हे गाव पोलंडच्या नैर्ऋत्येला, लोअर सायलेशियात, बूब्र नदीकाठी आहे. व्रोत्स्वावहून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर. १९४५ पर्यंत ते जर्मनीत होतं आणि त्याचं नाव बुन्त्स्लाउ होतं, म्हणून जुन्या बाजारांत त्या जर्मन नावाच्या शिक्क्याची भांडीही मिळतात. युद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन कुंभारांना जावं लागलं आणि नव्यानं आलेल्या पोलिश लोकांनी बंद पडलेल्या भट्ट्या पुन्हा पेटवल्या. त्या कामात प्राध्यापक तादेऊश शाफ्रान यांचा वाटा मोठा होता. आज गावात आणि आजूबाजूला बरेच कारखाने आहेत. जमवणाऱ्यांच्या तोंडी जास्त करून तीन नावं येतात: झाक्वादी त्सेरामिच्ने, १९५० साली सहकारी संस्था म्हणून सुरू झालेली त्सेरामिका आर्तिस्तिच्ना, आणि १९९३ पासूनची मानुफाक्तुरा. ही नावं लक्षात ठेवण्याचं कारण खाली येईलच: वेगवेगळ्या कारखान्यांचा पांढरा रंग एकसारखा नसतो.

पोलिश भाषेत या मातीच्या भांड्यांना काम्योन्का म्हणतात. काम्येन् म्हणजे दगड. आपल्याकडची लोणच्याची वरून तपकिरी, खालून पांढरी बरणी याच जातीची. आपण तिला सरसकट चिनीमातीची म्हणतो, पण ती पोर्सलीनसारखी पातळ आणि अर्धपारदर्शक नसते. उच्च तापमानात मातीचे कण एकमेकांना चिकटून जवळजवळ दगड होतात, म्हणून तिच्यात मीठ, तेल, आंबट काहीही वर्षभर राहू शकतं. जयपूरची निळी भांडी यात मिसळू नयेत. ती क्वार्ट्झची पूड आणि काच यांची, कमी तापमानाला भाजलेली असतात. शोभेला उत्तम, पण एकाच डिशवॉशरमध्ये दोन्ही घातली तर जयपूरची आधी जातील.

जुळवण्याकडे वळण्याआधी भांडं कसं घडतं ते माहीत हवं, कारण निवडताना नडणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथेच जन्मतात.

ताटल्या आणि वाडगे प्लास्टरच्या फिरत्या साच्यावर माती दाबून काढतात. किटली, सुरई, साखरदाणी यांसाठी पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात; साचा पाणी शोषतो, भिंत धरते, उरलेली माती ओतून देतात. कपाचा कान वेगळा करून ओल्या मातीनं चिकटवतात. वाळल्यावर पहिली भाजणी साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सियसला होते. त्यातून निघालेलं भांडं सच्छिद्र असतं आणि नक्षी याच अवस्थेत उमटते. स्पंजाचे छोटे तुकडे कापून त्यांचे ठसे बनवतात. एका बुट्टीत तीन रंग असतील तर तीन ठसे लागतात. रंगात बुडवलेला ठसा भांड्याला टेकला की रंग तत्क्षणी आत शोषला जातो, पुसून पुन्हा मारायची सोय जवळपास नसते. नंतर भांडं झिलईच्या पातळ राबडीत बुडवतात. वर पांढुरका थर बसतो आणि खालची नक्षी झाकली जाते. १२५० अंशांच्या आसपास दुसरी भाजणी होते, थर वितळून काचेसारखा स्वच्छ होतो आणि नक्षी परत दिसू लागते. ओल्या मातीपासून इथवर येईतो भांडं साधारण दहाव्या हिश्शानं आकसतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, नक्षी झिलईखाली असल्यामुळे घासून जात नाही. दुसरी, हातानं ठसे मारत गोल पूर्ण करताना शेवटच्या दोन बुट्ट्यांमधलं अंतर जरासं कमी किंवा जास्त होतं. रांगोळीचं वर्तुळ पुरं करताना जो अंदाज लागतो, तोच इथे लागतो. ताटलीवर अशी एक जागा सापडली की ती हातची आहे याची मला खात्री पटते. छापील चिकटचित्राच्या नकलांमध्ये प्रत्येक बुट्टी तंतोतंत सारखी असते, स्पंजाच्या छिद्रांचे बारीक पांढरे ठिपके नसतात आणि दोन ठसे कुठेही किंचितसेही एकावर एक चढलेले नसतात. तिसरी गोष्ट, आकसणं प्रत्येक भांड्यात अगदी सारखं नसतं. त्यामुळे एकाच नंबरच्या दोन ताटल्यांच्या व्यासात काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एका किटलीचं झाकण दुसरीवर बसेलच असं नाही. झाकणाचं भांडं घेताना झाकण दुकानातच बसवून, फिरवून पाहावं. झाकण फुटलं तर सुटं झाकण मिळवण्याच्या भरवशावर राहू नये.

आता निळ्याबद्दल. इतक्या तापमानात टिकून राहणारे रंग मोजकेच, आणि कोबाल्ट त्यांतला सर्वांत भरवशाचा. अगदी थोड्या प्रमाणात गडद निळा देतो आणि भट्टीतल्या हवेच्या फरकानं फारसा बिघडत नाही. लोहाचा लाल इतक्या आचेला तपकिरीकडे झुकतो, म्हणून जुन्या नक्ष्यांत निळा, हिरवा आणि तपकिरी हेच रंग जास्त दिसतात. बुन्त्स्लाउची त्याहून जुनी भांडी तर मुख्यतः तपकिरी झिलईचीच होती, त्यांवर पांढऱ्या मातीची उठावाची फुलं चिकटवत. स्पंजाचे ठसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि विसाव्याच्या सुरुवातीला बहरले. पाव्ये ओको, म्हणजे मोराचा डोळा, ही ओळखीची बुट्टी त्या काळातली. पोलिश काळात कलाकार ब्रोनिस्वाव वोलानिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठशांच्या या परंपरेतून नव्या नक्ष्या घडवल्या.

कोबाल्ट भरवशाचा असला तरी छटा बदलते. झिलई जाड बसली तर निळा दुधाळ होतो आणि कडा पसरतात, पातळ बसली तर काळपट दिसतो. भट्टीत वरच्या आणि खालच्या फळीवरच्या भांड्यांत फरक पडतो. म्हणून एकाच नक्षीच्या सहा ताटल्या दोन वर्षांत तीन-तीन करून घेतल्या तर त्या जोडीला ठेवल्यावर वेगळ्या दिसतात. पूर्ण एकसारखा संच हवा असेल तर तो एका दिवशी, एका फळीवरून घ्यावा. एकसारख्या संचाचा नाद सोडून मिसळीकडे वळण्याचं माझं मुख्य कारण हेच. मिसळीत हा फरक दोष राहत नाही.

दुकानात हात लावून पाहायच्या गोष्टी

गावातल्या कारखान्यांच्या दुकानांत भांडी प्रतीनुसार वेगळी ठेवतात. प्रतीला गातुनेक म्हणतात. फळीवर रोमन एक किंवा दोनचा आकडा असतो. दुसरी प्रत स्वस्त असते आणि तिच्यातले बरेच दोष केवळ दिसण्याचे असतात. कुठला दोष चालवून घ्यायचा आणि कुठला नाही, हे समजलं की पैसे वाचतात.

चालणारे दोष: नक्षीवर कोबाल्टचा ओघळ किंवा बोटाचा निळा डाग, झिलईत अडकलेला लोहाचा काळा कण, एखादी वाकडी बुट्टी, मागच्या बाजूला झिलईचा जाड थेंब. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तर तेही चालतं. तेच छिद्र आतल्या बाजूला, जिथे आमटी-भाजी राहणार तिथे असेल, तर मी घेत नाही. त्यात हळद आणि तेल बसतं, काळा ठिपका होतो आणि तो निघत नाही.

न चालणारे दोष दोनच, पण ते शोधावे लागतात. एक म्हणजे चीर. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारावी. ताटली तीन बोटांच्या टोकांवर तोलून काठाला टिचकी मारली तर खणखणीत, थोडा वेळ घुमणारा नाद यायला हवा. बद्द आवाज आला की कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. कपाला टिचकी मारताना कानापासून लांबच्या बाजूला मारावी. कानाच्या जोडाला मात्र नखानं चाचपावं. तिथे केसाएवढी रेघ नखाला अडकली तर कप परत फळीवर ठेवावा. चहाची उष्णता रोज त्याच जागी ताण देते आणि एक दिवस कान हातात राहतो.

दुसरा दोष वाकडेपणाचा. ताटली दुकानातल्या काचेच्या फळीवर ठेवून काठावर समोरासमोर दोन बोटं दाबावीत. ती डुगडुगली तर जेवताना रोज डुगडुगेल. एकेक ताटली बरी वाटली तरी थर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चार एकावर एक ठेवून बाजूनं, डोळ्याच्या पातळीवरून पाहावं. मधे फट दिसली की त्यातली एक वाकडी आहे. वरून एकेक काढत गेलं की ती सापडते.

किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा, कारण आकाराचा आणि नक्षीचा नंबर बरेचदा तिच्यावरच असतो आणि घरी आल्यावर चिठ्ठी धुतली जाते. झाक्वादीच्या मालावर आकाराच्या नंबरापुढे जीयू आणि नक्षीच्या नंबरापुढे डीयू लिहितात. शिक्क्याजवळ उनिकात असा शब्द असेल तर ती नक्षी नेहमीच्या पारंपरिक यादीतली नाही. तिच्यात ठशांबरोबर कुंचल्याचं कामही असतं, ती कलाकाराच्या नावावर असते, आणि बरीच महाग असते.

काठ आणि अंग

मिसळ म्हणजे हाताला येईल ते घेणं नव्हे. सुरुवातीला बरेच जण तेच करतात. प्रत्येक ताटली सुंदर, आणि दहा एकत्र मांडल्या की टेबलाकडे पाहवत नाही. कारण असं की या भांड्यांत रिकामी जागा फार कमी असते. सगळ्यांनी एकदम बोलायला लागावं, तसं होतं.

मला यातून वाट साडीच्या भाषेनं दाखवली. ताटलीला काठ असतो, अंग असतं, अंगावर बुट्टी असते. पहिला प्रश्न हा: जेवायला बसल्यावर यातलं काय दिसणार? मोठ्या ताटलीचं अंग वाढल्यावर झाकलं जातं, किंवा तिच्यावर वाडगा येतो. दिसतो तो फक्त काठ. म्हणून मोठ्या ताटल्या मी निव्वळ काठ पाहून घेते आणि त्या शांत असाव्यात असं बघते: काठावर ठिपक्यांची एक किंवा दोन रांगा, किंवा मोराच्या डोळ्यांची एकच ओळ, आणि अंग जवळजवळ मोकळं. उनिकात नक्षीची मोठी ताटली घेऊन तिच्यावर भात वाढणं म्हणजे भरजरी पदर खोचून ठेवण्यासारखं आहे. तो खर्च वरच्या थरावर करावा. छोट्या बशा, वाडगे, मग, जग ही भांडी वरून आणि बाजूनं दिसतात. वाडग्याचं बाहेरचं अंग समोर बसलेल्या माणसाला दिसतं, आतलं जेवणाऱ्याला. आतून-बाहेरून दोन्हीकडे नक्षी असलेला वाडगा म्हणूनच जास्त पैशांच्या लायकीचा.

दुसरा प्रश्न जमिनीचा: पांढऱ्या जमिनीवर निळी बुट्टी आहे, की निळ्या जमिनीवर पांढरी? डोळ्यांना रंगाआधी गडद-फिकट जाणवतं. यासाठी एक सोपी युक्ती आहे. ज्या भांड्यांचा विचार चालला आहे ती शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. रंग गेल्यावर कुठली भांडी काळी पडली आणि कुठली पांढरी राहिली ते स्पष्ट दिसतं. फोटोत सगळी मधल्याच करड्या छटेची दिसली तर मांडणी सपाट होणार. दोन टोकं हवीत. एक तृतीयांश गडद जमिनीची आणि उरलेली फिकट, हे माझं नेहमीचं प्रमाण. निम्मी-निम्मी केली तर टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसू लागतं.

तिसरी गोष्ट बुट्टीच्या आकाराची. नाण्याएवढी फुलं, वाटाण्याएवढे मोराचे डोळे आणि मोहरीएवढे ठिपके असे तीन आकार धरावेत. एकमेकांना टेकणाऱ्या दोन भांड्यांत एकाच आकाराच्या बुट्ट्या नकोत. वाटाण्याएवढ्या बुट्टीच्या ताटलीवर वाटाण्याएवढ्याच बुट्टीचा वाडगा ठेवला तर दोन्ही एकमेकांत मिसळून गढूळ होतात. मोहरीच्या ठिपक्यांवर मोठं फूल ठेवलं की दोन्ही उठून दिसतात. ठिपक्यांची नक्षी सर्वांत स्वस्त, सर्वांत जुन्या धाटणीची, आणि मिसळीत सर्वांत उपयोगाची. माझ्या मते एकूण भांड्यांच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी ठिपके असू नयेत. नवीन जमवणारे नेमके ठिपक्यांकडे दुर्लक्ष करतात, कारण दुकानात शेजारच्या फुलांपुढे ते साधे वाटतात.

चौथी गोष्ट बाहेरच्या रंगाची. निळा, हिरवा आणि तपकिरी हे घरचे, त्यांना मोजायचं नाही. त्यांच्याशिवाय लाल, पिवळा, जांभळा यांपैकी एकच निवडावा आणि तो निदान तीन भांड्यांत येईल असं पाहावं. एकाच मगवर लाल खसखशीचं फूल असेल तर तो मग पाहुणा वाटतो. लाल तीन ठिकाणी विखुरला की तो घरचा होतो.

पांढऱ्याचं मात्र कुणी आधी सांगत नाही. एका कारखान्याचा पांढरा दुधासारखा, दुसऱ्याचा किंचित राखाडी, तिसऱ्याचा मलईकडे झुकणारा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळे सारखे दिसतात. घरून एक छोटी बशी कापडात गुंडाळून सोबत न्यावी आणि नवीन भांडं घेण्याआधी दोन्ही दारापाशी दिवसाच्या उजेडात धरून पाहावीत, शेजारी कोरा कागद धरून. राखाडी आणि मलई एकाच टेबलावर आली तर मलई मळकट दिसते. दोन्ही जवळ असतीलच तर एक जात ताटल्यांसाठी आणि दुसरी मगांसाठी ठेवावी. ती एकमेकांवर येत नाहीत, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही.

आठ जणांसाठी मी शेवटी ज्या हिशेबावर स्थिरावले तो असा. मोठ्या ताटल्या ८, व्यास २५ ते २७ सेंटिमीटर, दोन नक्ष्यांच्या चार-चार, दोन्ही शांत काठाच्या. १९-२० सेंटिमीटरच्या छोट्या ताटल्या ८, आठही वेगळ्या. इथे हौस पुरवून घ्यावी. सुपाच्या पसरट खोल ताटल्या ८, एकाच नक्षीच्या, ठिपक्यांच्या. वाट्यांसारखे छोटे वाडगे १६, चार नक्ष्यांचे चार-चार. चहाचे मग कितीही आणि कसेही, कारण प्रत्येकाच्या हातातला मग वेगळा असला की आपला कुठला ते ओळखता येतं. मधे ठेवायला निळ्या जमिनीचं एक मोठं भांडं, आणि त्याच्या बुट्टीतला एखादा रंग छोट्या ताटल्यांपैकी निदान दोघींत असावा. आठ वेगळ्या ताटल्या एकाच फेरीत घेऊ नयेत. पहिल्या चार घरी आणून महिनाभर वापराव्यात, मग पुढच्या चारमध्ये काय कमी आहे ते आपोआप कळतं: बहुतेक वेळा गडद जमीन कमी असते.

दोन कारखान्यांचे आकार मिसळताना कडीचं माप घ्यावं. वाडग्याच्या तळाची कडी ताटलीच्या सपाट भागापेक्षा निदान दोन सेंटिमीटरनं लहान हवी, नाहीतर वाडगा उतारावर चढतो आणि कलतो. ताटलीचा बाहेरचा व्यास आणि सपाट भागाचा व्यास, दोन्ही वहीत लिहून ठेवले तर दुकानात अंदाज बांधावा लागत नाही. कपाट आणि डिशवॉशर यांचंही माप घ्यावं. २७ सेंटिमीटरची जाड काठाची ताटली लहान डिशवॉशरच्या वरच्या, पाणी उडवणाऱ्या पंख्याला अडते.

आपल्या जेवणाला

या ताटल्यांचा काठ पसरट आणि उथळ असतो. वरण-भात, आमटी-भात यांना त्या सोयीच्या नाहीत, पातळ पदार्थ कडेला पळतो. पसरट खोल ताटली मात्र आपल्या जेवणाला अगदी बरोबर बसते. भात, वरण, वर तूप, बाजूला भाजी असं सगळं तिच्यात राहतं आणि हातानं कालवता येतं. पोळी-भाजीला मोठी ताटली आणि तिच्यात एक छोटा वाडगा. दोनपेक्षा जास्त वाडगे ताटलीत मावत नाहीत, तिसरा बाहेर ठेवावा.

हळदीची भीती बाळगू नये. नीट भाजलेल्या झिलईवर हळद चढत नाही. चढते ती तळाच्या बिनझिलईच्या कडीवर, जेव्हा भांडी एकावर एक रचून खरकटी भिजत ठेवतो तेव्हा. ती पिवळी कडी खाण्याच्या बाजूला येत नाही, पण टाळायची असेल तर भांडी रचून भिजवू नयेत. चिंच, कोकम, लिंबू यांनीही काही होत नाही.

स्टीलच्या चमच्यानं पडणाऱ्या करड्या रेघांना ओरखडे समजू नये. झिलई स्टीलपेक्षा कठीण असते. ती रेघ म्हणजे झिलईवर घासून बसलेलं स्टील. खायच्या सोड्याची ओली पेस्ट ओल्या फडक्यानं चोळली की बहुतेक निघतात.

आचेबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही भांडी उष्णतेला घाबरत नाहीत, उष्णतेच्या अचानक बदलाला घाबरतात. काही मिनिटांत एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाही, आणि तडा जातो. ओव्हनमध्ये ठेवायचं तर थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तो चालू करावा. फ्रीजमधलं भांडं आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर नको, लाकडी पाटावर किंवा घडी केलेल्या फडक्यावर ठेवावं. गॅसच्या ज्योतीवर कधीही नाही, जाळी मधे घालूनही नाही. फोडणीचं तेलही फार गरम असतं. कोशिंबिरीच्या गार वाडग्यावर कडकडीत फोडणी ओतायची तर ती पदार्थाच्या मधोमध ओतावी, भांड्याच्या उघड्या भिंतीवर नाही. मी फोडणी लोखंडी पळीत दहा-पंधरा सेकंद थांबू देते. मोहरी तडतडून थांबली की ओतते. चवीत फरक पडत नाही आणि वाडगा वाचतो.

नव्या भांड्याची कडी खरखरीत असेल तर ती टेबलालाही ओरखडते आणि खालच्या ताटलीच्या झिलईलाही. ४०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर भिजवून कडीवर गोल फिरवावा, दोन मिनिटं पुरतात. कोरडं घासू नये, त्या धुळीत सिलिका असते आणि ती श्वासातून जायला नको. तरीही थर लावताना दोन ताटल्यांच्या मधे जुन्या सुती साडीचे गोल कापलेले तुकडे घालावेत. डझनावर ताटल्या एका थरात ठेवू नयेत. सर्वांत खालच्या ताटलीवर दहा किलोंच्या वर भार येतो.

घरी नेताना

एक मोठी ताटली ८०० ते ९०० ग्रॅम भरते. विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत बारा ताटल्या आणि बांधणीचं सामान मिळून निम्मा वाटा जातो, एवढं गृहीत धरावं. ताटल्या आडव्या रचून भरणं ही नेहमीची चूक. बॅग आदळली की सगळा धक्का खालची ताटली खाते. त्या उभ्या, काठावर, पुस्तकांसारख्या लावाव्यात. प्रत्येकीला दोन थर फुगेरी प्लास्टिक, चार-चारचा गठ्ठा चिकटपट्टीनं घट्ट बांधलेला, आणि गठ्ठ्याच्या सर्व बाजूंना किमान पाच सेंटिमीटर कपडे. गठ्ठा हलवून पाहावा, आत खडखड झाली तर सोडून पुन्हा बांधावा. कपात कप घालू नये. कपाच्या पोकळीत मोजे भरावेत, कानाच्या भोकातून कागदाची वळी ओवून मग बाहेरून गुंडाळावं. झाकण भांड्यावर न ठेवता वेगळं बांधावं.

वहीत प्रत्येक भांड्यासाठी एक ओळ ठेवावी: कारखाना, आकाराचा नंबर, नक्षीचा नंबर, दोन्ही व्यास, आणि पांढरा कसा आहे, दूध, राख की मलई. एखादी छोटी ताटली फुटली तर तिच्याच नक्षीची शोधत बसण्याची गरज नसते. तिच्या ओळीत बघायचं, जमीन गडद होती की फिकट, बुट्टी मोहरी, वाटाणा की नाणं, आणि त्याच जागी बसणारी दुसरी आणायची.